ओवाळणीचा नर

नवसाबाईचा एक नियम होता आणि तो तिनं आपल्या नवऱ्यालाही कधी मोडू दिला नव्हता. बाहेरून आलेलं कुठलंही डुक्कर आधी महिनाभर विहिरीपलीकडच्या एकट्या कप्प्यात राहणार, त्याचं रक्त तपासायला जाणार, आणि कागदावर सगळं ठीक आलं तरच ते बाकीच्या जनावरांत मिसळणार. एकदा तिचा नवरा गेणू पिंपळगावच्या ओळखीतून एक तरणी मादी टेंपोत घालून आला आणि मोठ्या हौसेनं तिला थेट शेडकडं घेऊन निघाला. नवसाबाईनं वाट अडवली. मादीला विहिरीपलीकडं पाठवलं आणि गेणूला मोरीत. "कपडे भिजत टाका अन् आंगोळ करूनच घरात या," असं तिनं चारचौघांत सुनावलं. गेणू मुळातच कमी बोलणारा माणूस. त्या दिवसापासून शेडच्या बाबतीत त्यानं तोंड उघडणंच सोडून दिलं.

हा कडकपणा उगाच आलेला नव्हता. विंचूरच्या शिवारात, वाईन पार्कच्या मागल्या अंगाला, नऊ वर्षं खपून तिनं अकरा माद्यांची शेड उभी केली होती. सुरुवातीला गावानं नाकाला पदर लावला. कुणी तिच्याकडं पाणी प्यायला थांबेना, हळदीकुंकवाचं बोलावणं येईना. नवसाबाईनं कुणाची मनधरणी केली नाही. तिनं दारात 'नवसाई वराहपालन केंद्र' अशी पाटी ठोकली, शेड दिवसातून दोनदा धुतली, आणि कुणी नाक मुरडलंच तर त्याला हाताला धरून आत आणलं. "आता चल तुझ्या गोठ्यात. वास कुठं जास्त येतो ते बघू," असं म्हणायला ती कचरत नसे. द्राक्षांचा हंगाम लागला की पार्कातून रस काढून उरलेला चोथा यायचा, त्यात मक्याचा भरडा कालवून ती माद्यांना घालायची. प्रत्येक मादीला नाव होतं. दुसरीला खाऊ न देणारी ती सरपंचीण, सारखी कुरकुरणारी ती काकू, आणि पिलांवर कधी चुकूनही पाय न ठेवणारी ती गोदा. गाभण मादी तीन महिने, तीन आठवडे आणि तीन दिवसांनी विते. नवसाबाई ते दिवस बोटांवर धरायची आणि त्या दिवशी सकाळी शेडमध्ये पोतं अंथरून तयार असायची.

हा नियम तिनं जन्मात एकदाच मोडला. भावासाठी.

दत्तू तिच्याहून नऊ वर्षांनी लहान. देवळ्याच्या अलीकडं, माहेरच्या मळ्यात राहायचा. सात वर्षांपूर्वी त्याचं पिकअप चालवायचं काम सुटलं, तेव्हा तो सरळ आक्काच्या दारात येऊन बसला. दोन महिने त्याला घरात ठेवून तिनं सगळा धंदा शिकवला. मादी माजावर आलेली कशी ओळखायची, पिलांचे दात कधी कापायचे, नाळेला काय लावायचं. आणि नवं जनावर महिनाभर लांब, रक्त तपासल्याबिगर आत नाही, हे तर तिनं त्याच्याकडून रोज सकाळी म्हणवून घेतलं. "आक्का, पाढे पाठ करून घेतीस का काय?" म्हणून तो हसायचा. जाताना तिनं त्याला आपल्या दोन तरण्या माद्या दिल्या. त्या दोहोंच्या त्यानं चौदा केल्या. रोज सकाळी सातला त्याचा फोन यायचा, आणि चुलीपुढं बसलेली नवसाबाई "काय रे दत्तू" असं इतक्या मोठ्यानं म्हणायची की शेजारच्या मळ्यालाही कळावं, माझ्या भावाचा फोन आहे.

त्या वर्षीच्या पावसाळ्यात नवसाबाईचा जुना नर म्हातारा होऊन गेला. ती नव्याच्या शोधात होती, हे दत्तूला ठाऊक होतं. भाऊबीजेला तो नेहमीसारखा आला, पण हातात साडीची पिशवी नव्हती. पिकअपच्या मागं पैलवान उभा होता. पैलवान म्हणजे दत्तूचा लाडका नर. आई पाजत नव्हती म्हणून त्यानं त्याला बाटलीनं दूध पाजून वाढवला होता. पांढरा शुभ्र, लांबलचक, पाठ खाटेएवढी रुंद. देवळ्याकडं लोक त्याच्यासोबत फोटो काढून घ्यायचे.

"दर साली साडी देतो," ओवाळून झाल्यावर दत्तू म्हणाला, "यंदा ही घे ओवाळणी."

नवसाबाईला रडूच फुटलं. तबक हातात घेऊन ती तशीच उभी राहिली. एवढं मोठं मन माझ्या भावाचं, असं तिला वाटलं आणि ते तिनं तिथंच मोठ्यानं म्हटलंही. मग दत्तूनं पिशवीतून एक पुठ्ठ्याचा डबा काढून तबकात ठेवला. आत रबरी हातमोजे होते, शंभर.

"हे आणि कशाला?"

"पिलं काढताना घालत जा. आता वय झालं तुझं, हातांना जप."

"मला म्हातारी म्हणतो व्हय रे?" असं म्हणून तिनं त्याच्या पाठीत धपाटा घातला, आणि मनातून फार सुखावली.

दत्तूची पिकअप निघून गेल्यावर ठमाबाईनं, म्हणजे शेडवर नवसाबाईच्या हाताखाली काम करणाऱ्या बाईनं, पैलवानाच्या दोरीला हात घातला. "बाई, याला विहिरीपल्याड नेऊ ना?"

"कशाला?"

"आपला नेम हाय ना. महिनाभर."

"भावाची ओवाळणी हाय ती!" नवसाबाई कडाडली. "ओवाळणीतली साडी कुणी रोगी हाय का बघून नेसतं का? ओवाळणीचं रक्त तपासायचं व्हय गं?"

अख्ख्या जिल्ह्यात ही चूक दुसऱ्या कुणाच्या हातून झाली नसती, कारण दुसऱ्या कुठल्या बहिणीला भावानं ओवाळणीत डुक्कर घातलं नव्हतं. गोदा त्याच दिवशी माजावर होती. दिवस मावळायच्या आत पैलवान तिच्या कप्प्यात गेला. मोज्यांचा डबा नवसाबाईनं कपाटात ठेवला. दत्तूनं पहिल्या कमाईतून दिलेली स्टीलची वाटी तिथंच होती, आजवरच्या साड्या तिथंच होत्या. त्यातल्या निम्म्या तिनं अजून नेसल्याही नव्हत्या. भावाचं दिलेलं वापरून झिजवायचं तिच्या जिवावर यायचं.

डिसेंबरात दोन माद्या, गाभण राहिल्या असं वाटत असताना, पुन्हा माजावर आल्या. असं कधीकधी होतं, म्हणून नवसाबाईनं ते मनावर घेतलं नाही. पैलवानाच्या वृषणांची एक बाजू सुजल्यासारखी दिसली, तेव्हा कुण्या मादीची लाथ बसली असेल म्हणून तिनं हळद गरम करून लावली. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती चारा घेऊन शेडमध्ये गेली तर गोदा कुशीवर पडून होती आणि तिच्या मागं ओल्या पेंढ्यात सात पिलं पडली होती. वीतभर लांबीची, केस न आलेली, मेलेली. अजून महिना बाकी होता. गोदानं गाभ टाकला होता.

नवसाबाईनं ती उघड्या हातांनी एकेक उचलली आणि पोत्यात घेतली. गोदाच्या अंगाखालचा पेंढा तिनं हातानंच काढला. गोदा मान वळवून आपल्या मागं काय आहे ते बघायचा प्रयत्न करत होती, तसं नवसाबाईनं पोतं आपल्या पाठीमागं सरकवलं. तीन दिवसांनी सरपंचिणीचा गाभ गेला. त्या पाठोपाठ काकूचा.

तिनं सकाळी सातच्या फोनची वाटही पाहिली नाही, दत्तूला आपणच फोन लावला. सगळं तिनं एका दमात सांगितलं.

"दत्तू? हायेस ना?"

"उंदीर असतील आक्का," तो म्हणाला. "तुझ्याकडं चोथ्यावर लय उंदीर येतात. उंदरांच्या मुतानं गाभ जातो. औषध टाक."

"तू येऊन बघतोस का?"

"बघतो. इकडं जरा काम शे. पण येतो."

तो आला नाही. मागं एकदा एका मादीच्या खुरात खिळा गेला होता, तर तेवढ्यासाठी हा माणूस साठ किलोमीटर मोटारसायकल हाणत आला होता. नवसाबाईच्या हे लक्षात आलं नाही असं नाही. पण माणूस कामात असतो, असं तिनं स्वतःला सांगितलं आणि उंदरांचे पिंजरे लावले.

तालुक्याची जनावरांची डॉक्टर शुभांगी आली ती हातापायात रबर चढवूनच. तिशीतली, भराभर बोलणारी मुलगी. नवसाबाईला मावशी म्हणायची. चौथ्या मादीनं त्याच सकाळी गाभ टाकला होता आणि नवसाबाई नेहमीसारखी तो उचलायला वाकली, तशी डॉक्टर ओरडली.

"मावशी, हात काढा आधी! मोजे नाहीत का तुमच्याकडं?"

"हायेत की. कपाटात."

"कपाटात कशाला?"

"भावानं दिलेत," नवसाबाई म्हणाली. त्यात आणखी काय सांगायचं असतं, हे तिला कळेना.

डॉक्टरनं कपाळावर हात मारला आणि आपल्या पेटीतले मोजे तिला दिले. सगळ्या माद्यांचं रक्त काढलं. मग पैलवानापाशी ती बराच वेळ बसली, सुजलेली बाजू दाबून पाहिली. ती सूज आता दगडासारखी कडक लागत होती.

"हा कुठून आणला?"

"देवळ्याहून. भावाकडून."

"महिनाभर वेगळा ठेवला होता? रक्त तपासलं?"

नवसाबाईनं मान खाली घातली. नऊ वर्षांत या प्रश्नाला 'नाही' म्हणायची पाळी तिच्यावर पहिल्यांदाच आली.

मग डॉक्टरनं तिला ओट्यावर बसवून नीट समजावलं. असे गाभ जायला दोन मुख्य कारणं असू शकतात, दोन्ही जिवाणूंची. एक उंदरांच्या लघवीतून पाण्यात, चाऱ्यात उतरतं. त्याला लेप्टो म्हणतात. इंजेक्शनं देऊन, लस टोचून शेड वाचवता येते. दुसरं ब्रुसेला. ते नराकडून मादीला लागतं आणि एकदा शेडमध्ये शिरलं की डुकरात त्याला औषध नाही. लागण झालेलं प्रत्येक जनावर संपवावं लागतं. ते माणसालाही होतं. "कागद यायला दहा दिवस लागतील," ती म्हणाली. "तुमचंही रक्त घेऊन ठेवते, मावशी. ताप येतो का?"

"येतो थोडा. दुपार कलली की. कंबर बी धरतीय. वयाचं असंल."

डॉक्टरनं तिच्या दंडाला पट्टी बांधली आणि रक्त काढून घेतलं.

त्या दहा दिवसांत नवसाबाईनं उंदरांसाठी नवस बोलला. जन्मभर त्यांच्या मागं काठी घेऊन धावलेली बाई, आता पिंजऱ्यात उंदीर सापडला की तिचा जीव हरखून जायचा. बघ गं ठमे, केवढा मोठा, म्हणून ती दाखवायची. उंदीरच असू देत, देवा. उंदीर असले तर शेड वाचत होती. आणि उंदीर असले तर ते दत्तूच्या ओवाळणीतून आलेलं नव्हतं.

अकराव्या दिवशी डॉक्टर आली आणि पाणी नको म्हणाली, तेव्हाच नवसाबाईला कळलं. ब्रुसेला. पैलवानात होता आणि अकरापैकी नऊ माद्यांत होता. उरलेल्या दोघींचा भरवसा धरता येत नव्हता. नवसाबाईच्या रक्तातही तोच निघाला होता. तिला दोन तऱ्हेच्या गोळ्या दीड महिना न चुकता घ्यायच्या होत्या.

"मागच्या साली तर सगळ्यांचं रक्त चांगलं होतं," ती कसंबसं म्हणाली.

"म्हणूनच सांगते, मावशी. मधे नवीन जनावर हे एकच आलं. आणि त्याची ती सूज जुनी आहे. तो तुमच्याकडं येऊन आजारी पडला नाही. आजार घेऊनच आला."

माद्या जाणार, हे नवसाबाईनं त्या क्षणी मान्य केलं. ती रडली, भिंतीला डोकं टेकून बराच वेळ रडली, पण त्यात वाद नव्हता. वाद पुढं होता, आणि तो तिला घास गिळू देईना. दत्तूला माहीत होतं का?

माहीत नसेल, असं ती दिवसातून शंभर वेळा म्हणायची. नर वरून धडधाकट दिसतो, डॉक्टरच म्हणाली होती. त्याच्याही माद्या गेल्या असतील, बिचाऱ्याला कारण कळलं नसेल. मग लगेच आठवायचं की तो बघायला आला नाही. की फोनवर त्यानं एकदाही विचारलं नाही, माझा पैलवान कसा आहे म्हणून. ज्याला बाटलीनं दूध पाजलं त्याची चौकशीही नाही? हे आठवलं की ती मोठ्यानं "छे!" म्हणायची आणि ठमाबाई दचकून बघायची.

शेवटी गेणू बोलला. "विचार की त्याला."

"विचारलं तर नाय म्हणंल."

"मग झालं."

"झालं कसं? तो नाय म्हणाला की मी इस्वास ठेवीन," नवसाबाई म्हणाली. "त्याचंच तर भ्या वाटतंय मला."

मंगळवारी सकाळी विहिरीच्या मागं खड्डा खणला. डॉक्टर आणि तिची दोन माणसं इंजेक्शनं घेऊन आली. नवसाबाईनं आत जायला नकार दिला नाही. ती प्रत्येकीच्या डोक्याशी बसली आणि प्रत्येकीला नावानं हाक मारली. सरपंचीण शेवटपर्यंत तिच्या पदराला खाऊ हुंगत होती. गोदाच्या वेळी मात्र तिला उठून बाहेर जावं लागलं. सगळ्यांत शेवटी पैलवान. त्याला कानामागं खाजवलेलं फार आवडायचं, तसं तिनं खाजवलं. त्याच्यावर तिचा राग नव्हता, त्या मुक्या जनावराचा काय दोष? मग चुन्याची पोती रिकामी झाली आणि शेडमध्ये एकदम इतकं शांत झालं की ठमाबाई उगाचच घमेलं आपटत राहिली.

चौथ्या दिवशी, शनिवारी, नवसाबाईनं गेणूला टेंपो धुवायला लावला. दोनदा धुवून झाल्यावर त्यावर लोखंडी कमानी चढवल्या आणि ताडपत्री चारी बाजूंनी घट्ट बांधली. टेंपो रिकामा होता.

"काय करतीयास?" गेणूनं विचारलं.

तिनं सांगितलं. दत्तूला अजून कागदाची बातमी नाही. त्याच्यापुढं जाऊन ती म्हणणार होती की गाभ उंदरांमुळेच गेले, डॉक्टर तसंच म्हणाली. माद्या संपल्या, पण पैलवान ठणठणीत आहे, तुझा तुला घे. दत्तूला खरंच काही माहीत नसेल तर तो आनंदानं गेट उघडेल. आपला लाडका नर परत आला म्हणून धावत येईल. "अन् त्यानं गेट उघडलं ना, तर मी त्याचे पाय धरून माफी मागीन. भावावर शक घेतला म्हणून."

"अन् नाय उघडलं तर?"

नवसाबाई टेंपोकडून वळली. ती घरात गेली, कपाट उघडलं, आणि मोज्यांचा डबा पिशवीत घालून टेंपोत येऊन बसली. तो का घेतला, हे तिलाही सांगता आलं नसतं. न सांगता भावाकडं रिकाम्या हातानं कसं जायचं, असं काहीतरी तिच्या मनात असावं.

लासलगाव मागं पडलं, चांदवडचे डोंगर आले आणि गेले. रस्त्याकडेनं कांद्याची काढणी चालली होती. माहेरच्या वाटेवर बडबडणारी नवसाबाई आज खिडकीबाहेर बघत बसली होती आणि तिच्या मनात एकच चाललं होतं. देवा, त्यानं गेट उघडू दे. माझ्या माद्या गेल्या त्या गेल्या, तेवढा माझा भाऊ राहू दे.

दत्तूच्या शेडला नवं लोखंडी गेट लागलं होतं. भिंतींना ताजा चुना होता. गजांतून आत दिसत होत्या त्या सगळ्या नव्या, तरण्या माद्या होत्या. तिनं दिलेल्या दोघींच्या वंशातली एकही नव्हती. गेटवर पाटी होती, 'बाहेरील जनावरांस प्रवेश नाही.' तिनं शिकवलेला पाढा त्यानं रंगवून लावला होता.

हॉर्न ऐकून दत्तू अनवाणीच आला. "आक्का! न सांगता? कशी शे तू? दाजी, उतरा ना." हसत हसत त्यानं कडीला हात घातला. मग त्याची नजर ताडपत्रीवर गेली. "मागं काय आणलं?"

"पैलवान," नवसाबाई म्हणाली.

दत्तूचा हात कडीवरच राहिला.

तिनं ठरवलेलं सगळं सांगितलं. आयुष्यात तिला खोटं कधी नीट बोलता आलं नव्हतं. आज एकही शब्द अडखळला नाही. "माझ्याकडं आता कुणी उरलं नाय त्याला. तुझ्या तरण्या माद्यांना नर पायजेच असंल. घे, तुझाच हाय. उघड गेट."

गेणूनं टेंपो सुरू केला. नवसाबाई त्या हाताकडं बघत होती. तिला खात्री होती, आता कडी सरकेल, आता सरकेल. दत्तूनं कडी आणखी आत ढकलली. मग बाजूच्या लहान दारातून तो धावत बाहेर आला, टेंपोपुढं उभा राहिला आणि दोन्ही हात बॉनेटवर टेकून ओरडला, "दाजी, मागं घ्या! गाडी मागं घ्या म्हणतो ना!"

नवसाबाई खाली उतरली. दाराला धरून ती उभी राहिली. "का रे?"

"आक्का, आत नको. पाया पडतो तुझ्या. बारा जनावरं हायेत आत. सगळ्यांचे गाभ जातील."

"उंदीर होते ना रे?"

दत्तू आधी तिच्याकडं बघत राहिला, मग जमिनीकडं. आपण काय बोलून बसलो ते त्याला तेव्हा कळलं.

"तुझ्या चौदा कधी गेल्या?" तिनं विचारलं.

"श्रावणात." त्याचा आवाज एकदम बारीक झाला. "डॉक्टर म्हणले, नर पहिला मारा. हात उचलला नाय आक्का. पोरासारखा वाढवला होता. तुला नर पायजे होता... अन् मला वाटलं, तू कुठं तसा आत घेतीस? तू महिनाभर लांब ठेवशील. रक्त काढशील. तुझ्या ध्यानात येईल अन् मग तूच काय ते करशील. तू तर दाजींना बी सोडत नाय."

"भावाच्या ओवाळणीचं रक्त काढू मी?"

त्यानं दोन्ही हातांनी तोंड पुसलं.

"रोज सकाळी फोन करायचास. तीन महिने. एकदा सांगायचंस."

"सांगायलाच लावायचो फोन. तू 'काय रे दत्तू' म्हणायचीस अन् तोंडातून निघायचंच नाय." दत्तू रडायला लागला. हात जोडून जवळ आला. "तुझी काळजी नव्हती असं समजू नको आक्का. तुला काही होऊ नये म्हणून तर मोजे दिले होते."

इथवर नवसाबाईला कुठंतरी वाटत होतं की हा भित्रा आहे, कोवळ्या मनाचा आहे, याला माफ करता येईल. मोज्यांचं ऐकलं आणि ते संपलं. तबकात तो डबा ठेवताना, ती त्याच्या कपाळाला कुंकू लावत असताना, याला सगळं माहीत होतं. हातांना जप म्हणून तो हसला होता आणि ती सुखावली होती.

तिनं ताडपत्रीची गाठ सोडली आणि एक बाजू वर फेकली. धुतलेला, कोरडा टेंपो. दत्तू बघतच राहिला.

"पैलवान कुठं हाय?"

"मंगळवारी पुरला. तुझं काम मी करून टाकलं." मग तिनं पिशवीतून डबा काढला आणि त्याच्या हातात दिला. डब्याला लावलेली चिकटपट्टी जशीच्या तशी होती. दत्तूनं ती पाहिली, डबा उलटा करून पाहिला.

"आक्का, हे तर फोडलंच नाय तू."

"कशी फोडू? तू दिलेलं होतं. जपून ठेवलं."

ती टेंपोत जाऊन बसली. उन्हं कलायला लागली होती आणि अंगात रोजची तापाची कसर भरत होती. तिनं पदर खांद्यावरून लपेटून घेतला. "चला," ती गेणूला म्हणाली. "गोळीची येळ झाली."

"गोळी कसली?" दत्तूनं विचारलं. तिनं मान वळवली नाही. तो धावत गेणूच्या खिडकीशी आला. "दाजी, कसली गोळी?"

गेणूनं गाडी मागं घ्यायला घातली होती, ती थांबवली. दत्तूच्या हातातल्या डब्याकडं त्यानं एकदा पाहिलं.

"पैलवानाचा रोग हाय तिला," तो म्हणाला, आणि टेंपो वळवला.